आधी गुरांचं बोला

नको, म्मे मोसेले. ब्लँकेट अजून खांद्यावर टाकू नका. पिनही राहू द्या. घडी करा आणि त्या खुर्चीवर ठेवा. ब्लँकेट सुंदर आहे, निवडताना तुम्ही दुकानात किती वेळ उभ्या होतात तेही मला कळलं आहे. पण सत्काराचं ब्लँकेट एकदा अंगावर आलं की माणूस त्यात गप्प बसतो. ऊब असते, लोक टाळ्या वाजवत असतात, मग काय बोलणार? मी आधी बोलते. मग टाकायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

सभेचे अध्यक्ष, आपल्या चर्चचे मोरुती सेखेसा, ज्यांनी आत्ताच प्रार्थनेत माझ्या शांत स्वभावाबद्दल देवाचे आभार मानले, आमच्या गावप्रमुख मोफुमाहाली मालेकेना, ज्या पतीच्या माघारी आणि मुलगा लहान असताना हा कारभार एकट्या वाहत आहेत, आजचे प्रमुख पाहुणे न्ताते मोशाबेशा, ज्यांनी दिलेल्या पत्र्याखाली आपण सगळे बसलो आहोत, आमच्या चिटणीस म्मे मोसेले, वरच्या गावांतून घोड्यावर आणि पायी आलेले आईबाप, आणि मुलींनो. मुलींचं नाव शेवटी घ्यायची पद्धत आहे, म्हणून शेवटी घेतलं.

आज मी सेन्कू खोरे कन्या संघाच्या अध्यक्षपदावरून निवृत्त होते आहे. म्मे मोसेले यांनी संघाचा अहवाल वाचला. नीट वाचला. राजधानीत, मासेरूच्या मेळाव्यात आमच्या मुलींच्या गाण्याला दुसरा क्रमांक मिळाला, ते खरं आहे. ओहळाने खाल्लेल्या जमिनीत मुलींनी दगडाचे बांध घातले आणि त्यामागे माती साठली, तेही खरं आहे. ज्या म्हाताऱ्यांचे मुलगे खाणीत गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्या दारात मुली सरपण टाकून येतात. दवाखान्याची औषधं घोड्यावरून वरच्या वाड्यांना पोचवतात. पुरात एक पाकीट भिजलं तर ते त्यांनी परत आणून बदलून नेलं. ह्यातलं काहीच फुगवून सांगितलेलं नाही. मग टाळ्या झाल्या. मग वाचलं, 'न्ताते मोशाबेशा यांच्या उदार देणगीतून संघाला पत्र्याचं सभागृह लाभलं.' टाळ्या आणखी झाल्या. मीही वाजवल्या. हात सवयीने उठतात.

आता एक विचारते. संघाने सभागृह कधी मागितलं होतं?

उजवीकडच्या खिडकीतून बाहेर बघा. मोरुती, आपल्याला मान वळवावी लागेल. दोन गोल भिंती दिसतात. त्यांवर छप्पर नाही. ते मुलींचं घर आहे. तो दगड मुलींनी नदीतून डोक्यावर आणला. शेणमातीने भिंती लिंपल्या, ओल्या गिलाव्यावर बोटांनी नांगराच्या तासांसारखी नक्षी ओढली. इतक्या पावसाळ्यांत ती नक्षी अर्धी धुऊन गेली आहे. घर कशासाठी, तर नदी चढली की वरच्या गावांतल्या मुलींना शाळेतून परत जाता येत नाही. मग त्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात झोपतात. कोणाच्या घरात झोपतात आणि तिथे त्यांना काय सोसावं लागतं, ते मी ह्या सभेत सांगणार नाही. इथे बसलेल्या आयांना ते माहीत आहे. काही बापांनाही माहीत आहे.

भिंती झाल्या, तेव्हा छपराला गवत हवं होतं. मोफुमाहाली, तेव्हा आपण आम्हाला दोन ओढ्यांमधला उतार राखून दिलात. भर सभेत उभ्या राहून म्हणालात, 'हे कुरण बंद. हे गवत मुलींच्या घराचं. थंडी पडली की त्या कापतील, त्यानंतर गुरं सोडा.' कडेला दगडांचे ढीग रचले गेले. ते बघून शेंबडं पोरही आपली शेळी वळवून घेतं. मुलींनी पाळ्या लावून तीन हिवाळे तो उतार राखला. पहिल्या वर्षी गवत गुडघ्याएवढं झालं. दुसऱ्या वर्षी कमरेएवढं, तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, 'अजून थांबा, कोवळं गवत पाऊस पेलत नाही.' मुली थांबल्या. तिसऱ्या वर्षी त्यात शिरलं की मुलगी दिसायची नाही.

गवत शाकारायला तयार झालं. कापायला दोन आठवडे होते.

न्ताते मोशाबेशा, आपल्या डोळ्यांवर ऊन येत असेल तर पडदा ओढायला सांगते. नको? बरं.

रविवार होता. सगळी पुरुष मंडळी एका मयताला पलीकडच्या गावी गेली होती. उतारावर खोपोत्सोची पाळी होती. खोपोत्सो कोण, ते पाहुण्यांसाठी सांगते. दहावीतली मुलगी. बाप खाणीवर. मगाशी आपल्याला आल्याचं पेय आणून दिलं ती. तिच्या गळ्यात संघाचा स्कार्फ नव्हता, म्हणून आपल्याला ती कोणाची तरी मोलकरीण वाटली असेल. तिच्याबरोबर दोन लहान मुली होत्या. दुपारी वरच्या अंगाने गुरं आली. मोठा कळप होता, लाल आणि पांढरा. त्यामागे गुराखी होता, आणि तो झोपलेला नव्हता.

खोपोत्सो म्हणाली, 'मामा, कुरण बंद आहे.'

तो म्हणाला, 'मला माहीत आहे.'

'मग वळव.'

'मालकाने सांगितलंय, इथेच चार. दूध कमी झालंय गाईंचं.'

'मालकाला सांग, गवत मुलींचं आहे.'

'तूच सांग. मला पगार तुझ्याकडून मिळत नाही.' आणि तो दगडावर बसून तंबाखू मळायला लागला.

अशा वेळी काय करायचं असतं, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बंद कुरणात गुरं दिसली तर ज्याला दिसतील त्याने ती हाकून गावप्रमुखाच्या कोंडवाड्यात घालायची. ज्याला दिसतील त्याने. मी आजोबांकडून ऐकलं आणि आपणही तसंच ऐकलं आहे. पुरुषाने घालायची असं कोणी सांगितलं नाही, कारण मुलगी घालेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मुलींनी हाकली. गुराखी मागून हसत होता. 'अगं, गाय तुला नवरा समजेल,' असं काहीबाही बोलत होता. त्या तिघी खाली उतरल्या, ओढा ओलांडला, कोंडवाड्याशी आल्या. गुरं आत गेली. आता दार लावायचं होतं. कोंडवाड्याचं दार म्हणजे चार आडवे वासे, आणि त्यांच्या खाचा आतल्या बाजूला आहेत. बाहेरून ते बसत नाहीत. बाहेर तर तीन मुलींशिवाय कोणीही नव्हतं. गुरं तोंड फिरवायला लागली होती.

खोपोत्सो आत गेली. तिने वासे बसवले. भिंतीवर चढून बाहेर उडी मारली.

आमच्याकडे बाई गुरांच्या वाड्यात पाऊल टाकत नाही. मीही टाकलेलं नाही. का, ते कोणाला विचारू नका. गाई गाभडतात म्हणे, दूध आटतं म्हणे. त्या दिवशी खोपोत्सोच्याही ते लक्षात होतं. तिने मला नंतर सांगितलं, 'म्मे, मी एका पायावर थोडा वेळ उभी राहिले. मग गाय माझ्याकडे यायला लागली, तेव्हा दुसराही टाकला.'

संध्याकाळी मोफुमाहालींच्या अंगणात सभा भरली. न्ताते, आपण आपल्या पांढऱ्या गाडीतून आलात. दार उघडं ठेवूनच खाली उतरलात. आपला पहिला प्रश्न मला पाठ आहे. आपण असं विचारलं नाही की माझी गुरं बंद कुरणात कशी गेली. किती गवत खाल्लं, असंही विचारलं नाही. आपण विचारलंत, 'वाड्यात कोण शिरलं?'

आणि मग सगळी सभा त्या एका प्रश्नावर गेली. बघा, केवढी हुशारी आहे त्यात. गुरांना चार पाय, कळप मोठा, गवत भुईसपाट. पण सभेत चर्चा झाली ती एका मुलीच्या दोन पायांची. एक आजोबा म्हणाले, 'आधी कोणता पाय टाकला? डावा की उजवा?' दुसरे म्हणाले, 'पायात काय होतं?' कोणीतरी सांगितलं, शाळेचे बूट. 'मग थोडं बरं,' असं ते म्हणाले. मागून एक बाई पुटपुटली, 'बूट काढून शिरली असती तर गाईंना जास्त बरं वाटलं असतं का?' तिच्या नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. ती बाई आज इथे बसली आहे. मी नाव घेत नाही. आम्ही तिघीचौघी हसलो होतो, तेवढंच त्या रात्री हसलो.

अंधार पडल्यावर गुरं सोडून दिली. दंड नाही, भरपाई नाही, कुरणाचा शब्दही नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतारावर गेली, कारण आता राखण्यासारखं काय उरलं होतं? आठवड्यात तिथे फक्त खुरांचा चिखल होता.

मग आमच्या संघाच्या समितीची बैठक झाली. मला वाटलं होतं, निदान इथे तरी गवताचं नाव निघेल. निघालं नाही. ठरलं असं, की खोपोत्सोने न्ताते मोशाबेशांची माफी मागायची, तिच्या घरून वाडा शुद्ध करायला एक मेंढा द्यायचा, आणि तोवर तिचा स्कार्फ काढून घ्यायचा. मी नाही म्हटलं. सगळ्यांनी माझं नाही ऐकून घेतलं आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय होता, न्ताते मोशाबेशा पत्रे देत आहेत, ते स्वीकारावेत का.

गोल भिंतीवर पत्रा बसत नाही. म्हणून शेजारी हे चौकोनी सभागृह उभं राहिलं. दाराशी आपल्या नावाची संगमरवरी पाटी आहे, ती सगळ्यांनी येताना वाचली असेल. इथे लोकरीच्या व्यापाऱ्यांची बैठक होते, मयताचं जेवण होतं. रात्री कुलूप लागतं आणि किल्ली आपल्या दुकानात राहते. ह्या पत्र्याखाली आजवर एकही मुलगी झोपलेली नाही. ज्याच्या गुरांनी आमचं छप्पर खाल्लं, त्यानेच आम्हाला छप्पर दिलं, आणि अहवालात फक्त दुसरं वाक्य आलं.

काय म्हणालात, न्ताते? मोठ्याने म्हणा, मागच्यांनाही ऐकू दे. 'जेवण थंड होतंय.' होऊ द्या. मटण चुलीवर आहे आणि चुलीशी खोपोत्सो आहे. ती काही करपू देणार नाही.

मोरुती, घड्याळ दाखवू नका. आपल्या रविवारच्या प्रवचनात मी कधी घड्याळ पाहिलेलं नाही, आणि पाहण्यासारखी वेळ पुष्कळदा आली होती. माईक बंद करायचा असेल तर करा. मी इतकी वर्षं मुलींना एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाका मारल्या आहेत.

एक गोष्ट राहिली. त्या कळपातली कोणतीही गाय गाभडली नाही. दूध आटलं नाही, उलट वाढलं, आमचं गवत खाऊन वाढणारच. एका गाईला जुळी वासरं झाली. वाड्यात मुलीचं पाऊल पडल्याने अनर्थ होतो हे ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकानेही जुळ्या वासरांचं श्रेय तिला दिलं नाही. मीही देत नाही. वासरं गाईने दिली. पण हिशेब करायचाच तर दोन्हीकडून करावा, एवढंच.

मोफुमाहाली, आता आपल्याशी बोलते. मी आपल्यापेक्षा वयाने मोठी आहे, तरी आपल्यासमोर मान खाली घालूनच बोलेन, कारण ती जागा मान झुकवण्याची आहे. कोंडवाडा आपला आहे. कोणाची गुरं आत ठेवायची, कधी सोडायची, दंड किती, हे आपल्या तोंडून ठरतं. पण आपण स्वतः त्या वाड्यात कधी गेला नाहीत. आत कोणाची गुरं आहेत ते आपण भिंतीबाहेर उभं राहून कोणाला तरी विचारता. तो जे सांगतो ते आपण ऐकता. त्या संध्याकाळी आपण विचारलंत, 'कोणाची आहेत?' आणि उत्तर आलं, 'ते राहू द्या, आत कोण गेलं ते बघा.' आपण गप्प बसलात. मला तेव्हा आपला राग आला नाही. आज येतो आहे, कारण आज मला जायचं आहे आणि ते गवत अजून खाल्लेलंच आहे.

गवताचा तो दावा कधी चाललाच नाही. म्हणजे तो अजून उभा आहे. आपण बोलावला की चालेल.

आता माझं शेवटचं काम. ही सभा संपेपर्यंत मी संघाची अध्यक्ष आहे. ते म्मे मोसेले यांनीच निमंत्रणपत्रिकेवर छापलं आहे, 'विद्यमान अध्यक्ष' म्हणून. विद्यमान अध्यक्षाला कोणत्याही मुलीच्या गळ्यात स्कार्फ बांधता येतो. समितीने काढलेला तो स्कार्फ माझ्याकडेच ठेवायला दिला होता. तो मी धुऊन, इस्त्री करून आणला आहे. खोपोत्सोला कोणीतरी आत बोलवा. हात पुसत ये म्हणावं, तशीच ये.

ये. इथे वर ये. पायरीला धर, ती हलते. पत्र्याला पैसे होते, पायरीला नव्हते.

मान पुढे कर.

काय? मोठ्याने बोल, पोरी. ह्या लोकांनी तुझ्याबद्दल पुष्कळ ऐकलंय, तुझा आवाज एकदाही ऐकलेला नाही.

मागे ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगते. ती म्हणते, 'म्मे, मला स्कार्फ नको. तुम्ही आज बांधाल, उद्या समिती काढेल. आधी गुरांचं बोला.'

मी विचारलं, 'माफी मागायची नाही तर नाही, पण स्कार्फ घ्यायला काय हरकत आहे?' ती म्हणते, 'मी घेतला तर सगळे म्हणतील, मिटलं. मिटलेलं नाही.'

बरोबर आहे तिचं. मी तुमच्यासमोर एक छान देखावा उभा करणार होते. तुम्ही डोळे पुसले असते, टाळ्या वाजवल्या असत्या, आणि त्या टाळ्यांत गवत दुसऱ्यांदा खाल्लं गेलं असतं. स्कार्फ मी इथे टेबलावर ठेवते, मोफुमाहालींसमोर. हार बाजूला करा जरा. जा, खोपोत्सो. मटण उतरव.

नाही, थांब. बस इथे. माझ्या खुर्चीवर ब्लँकेट आहे, ते उचलून मांडीवर घे आणि बस. मटण कोणी दुसरं उतरवेल. न्ताते मोशाबेशा दाराच्या सर्वांत जवळ आहेत. हसू नका, मी थट्टा करत नाही.

माझं बोलणं संपत आलं. नव्या अध्यक्षांना मी काय सांगणार? मुलींच्या गाण्याला पुढल्या वर्षी पहिला क्रमांक मिळावा, मलाही वाटतं. बांध अजून वाढावेत. पण अहवाल लिहाल तेव्हा जे मिळालं तेच लिहू नका. जे खाल्लं गेलं तेही लिहा. आम्ही वर्षानुवर्षं मुलींना शिकवलं, जे राखायला दिलं ते राख, जे दिसलं ते सांग, दार उघडं असेल तर लाव. एका मुलीने तिन्ही गोष्टी केल्या. आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला सांगितलं की ते शिकवणं फक्त गाण्यापुरतं होतं.

ज्यांनी मला इतकी वर्षं सहन केलं, त्यांची मी ऋणी आहे. ज्या घोड्यांनी मला ह्या घाटांतून वाहिलं त्यांचीही, त्यांच्यापैकी एकही आता नाही. ब्लँकेटसाठी ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे आभार, ते मी घेईन की नाही ते मला अजून माहीत नाही. बोलताना जीभ कुठे घसरली असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखण्यात कमी पडले असेन, तर तो दोष माझ्या नावावर टाका. मुलींच्या नावावर टाकू नका, तिथे आधीच पुष्कळ टाकलेला आहे. जेवून जा सगळ्यांनी. मुलींनी रांधलं आहे.

~

दुसऱ्या दिवशी सकाळी मोफुमाहाली मालेकेना यांनी आपली खुर्ची कोंडवाड्याच्या आत, शेणावर मांडायला सांगितली. खुर्ची नेणारा माणूस दाराशी थांबला आणि म्हणाला, 'बाहेरच ठेवतो, मोफुमाहाली.' त्यांनी ती त्याच्या हातातून घेतली, स्वतः आत नेली आणि बसल्या. मग न्ताते मोशाबेशांना निरोप गेला आणि खोपोत्सोला हाक गेली. ती दाराशी आली, आत गेली. गळा मोकळाच होता. मोफुमाहालींनी पहिला प्रश्न विचारला, 'कुरणात गुरं कोणाची होती?'